पडद्यावर शून्य

४ फेब्रुवारी

ताई,

तू फोन उचलत नाहीस. दारावर आलो तर भावोजी "ती झोपलीय" म्हणतात. सकाळी अकरा वाजता तू झोपलेली मी जन्मात पाहिली नाही. म्हणून हे पत्र. ड्रायव्हर काका अ‍ॅम्ब्युलन्स दुरुस्तीला घेऊन तुमच्या वर्कशॉपात येतात, त्यांच्या हाती देतोय. काकांना तरी तू परत पाठवणार नाहीस.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. तुझी कंट्रोल रूममधून वर्कशॉपच्या ऑफिसात बदली झाली, त्यात माझा काडीचाही हात नाही. तो साहेबांचा निर्णय. एकवीस वर्षं तू अ‍ॅम्ब्युलन्सचे फोन घेतलेस. आता थोडे दिवस टायर नि डिझेलचे कागद सांभाळलेस तर पाठीला आराम मिळेल, असं त्यांना वाटलं असेल. चांगल्या मनानंच केलं असेल.

सोळा तारखेला आपलं सॉफ्टवेअर सुरू होतंय. "आपलं" म्हणजे आमच्या कंपनीचं. पण कामाचा मोठा भाग मी लिहिलाय, आणि लिहिताना डोळ्यांसमोर तुझंच टेबल होतं. आता फोन आला की चिठ्ठी नाही, चिठ्ठ्या टोचून ठेवायचा खिळा नाही. माहिती पडद्यावर भरायची, बटण दाबायचं, की जवळच्या गाडीत निरोप पोचला.

यूएटीचं म्हणशील तर ती पूर्ण झाली. (भावोजींना सांगायचं तर, ज्यांनी रोज वापरायचं त्यांनी आधी वापरून, मोडून बघायचं आणि मग "चालेल" अशी सही करायची, ती परीक्षा.) तू तीन आठवडे मागितले होतेस. तेवढे नव्हतेच गं आमच्याकडे. पण झाली, नीट झाली. तुझ्या वहीतले एक्केचाळीसच्या एक्केचाळीस मुद्दे आम्ही निकालात काढले.

सोळा तारखेला ये. नुसती मागे उभी राहा, हवं तर बोलू नकोस.

तुझा,
बारक्या

१७ फेब्रुवारी

ताई,

आली नाहीस. तुझ्यासाठी दाराजवळची खुर्ची धरून ठेवली होती. शेवटी तिच्यावर फोटोग्राफरनं बॅग ठेवली.

समारंभ छान झाला. समोरच्या भिंतीवर हा एवढा पडदा लावलाय. त्यावर तीनच आकडे: आलेले फोन, पाठवलेल्या गाड्या आणि बाकी. पहिल्या तासाला सतरा, सतरा आणि बाकी शून्य. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या मॅडम, म्हणजे माझ्या वरच्या, या कामाच्या प्रमुख, त्या फार कमी हसतात. त्यासुद्धा हसल्या. "शून्य. असंच राहिलं पाहिजे," म्हणाल्या.

चिठ्ठ्यांचे गठ्ठे, तांबड्या पेन्सिली आणि तुझा तो पत्र्याचा ट्रे खोक्यात भरून जिन्याखाली ठेवलाय. फेकलं नाही, काळजी करू नकोस.

सगळ्या ऑपरेटरांनी पटकन शिकून घेतलं. फक्त तुझी ती चिमणी. बारीक आवाजाची, चार वर्षांपूर्वी तू हाताखाली घेतलेली. ती मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली.

"सर, अर्धे फोन कुठे ठेवायचे?"

"अर्धे म्हणजे?"

"म्हणजे बोलता बोलता फोन तुटतो ना, माणूस अर्धाच पत्ता सांगतो. ती चिठ्ठी ताई ट्रेमध्ये ठेवायच्या. मग दर थोड्या वेळानं आम्ही तिच्या मागे लागायचो. परत फोन लावायचा, नाहीतर त्या भागातल्या गाडीला नुसतंच तिकडे जाऊन बघायला सांगायचं."

"आता ठेवायचं काही नाही. ज्याला गरज असेल तो परत फोन करतो."

"आणि नाही केला तर?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती वळली. खरं सांगू, बरंच झालं.

बाकी सगळं उत्तम. भावोजींना नमस्कार.

बारक्या

२६ फेब्रुवारी

ताई,

एक बारीकशी गोष्ट विचारायची होती. पत्राचं उत्तर द्यायचं नसेल तर काकांना तोंडी सांग.

मागच्या खोलीतलं टेलिफोनचं यंत्र आलेला प्रत्येक फोन आपापलं मोजतं आणि आवाज साठवतं. ते आमच्या सॉफ्टवेअरला अजून जोडलेलं नाही. दुसऱ्या टप्प्यात जोडू असं ठरलंय. परवा सहज म्हणून दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवले. यंत्र म्हणतं दोनशे चौदा. आमचा पडदा म्हणतो दोनशे अकरा.

तीन फोन. म्हटलं मोजण्यात चूक असेल. काल पुन्हा पाहिलं, पाचचा फरक. आज दोनचा.

मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "राँग नंबर असतील. पोरंटोरं चाळा म्हणून लावतात." असेल तसंही. तुमच्या वेळी असे किती यायचे? रोज यायचे का? आणि ते तुम्ही चिठ्ठीवर लिहायचात की नाही?

एवढंच. फार मनावर घेऊ नकोस, मीही घेतलेलं नाही.

बारक्या

३ मार्च

ताई,

काका म्हणाले, पत्र तू वाचलंस. घडी घालून टेबलाच्या खणात ठेवलंस, आणि "राँग नंबरसुद्धा लिहायचो" एवढंच म्हणालीस. आभार. एक वाक्य का होईना.

मी मागच्या खोलीत बसून ते हरवलेले फोन ऐकले. आतापर्यंत एकोणतीस झालेत. चाळा करणारी पोरं त्यांत दोनच आहेत, आणि तीही खुसखुसत ठेवून देतात. उरलेले तसे नाहीत.

एकात कोणी बोलतच नाही. नळ चालू असल्याचा आवाज येतो, बराच वेळ. मग नळ तसाच वाहत असताना फोन बंद होतो. एकात एक म्हातारे गृहस्थ "थांबा हं, चष्मा आणतो, घरनंबर दारावर लिहिलाय" म्हणतात आणि जातात. आपली ऑपरेटर "हॅलो, हॅलो" करत राहते. ते परत येत नाहीत. एका बाईचा आवाज नुसताच "लवकर, लवकर, लवकर" म्हणतो, आठ वेळा. मी मोजलं.

या लोकांचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. बहुतेकांनी परत फोन केला असणार. शेजाऱ्यांनी रिक्षानं नेलं असणार. लोक काही ना काही करतातच ना?

एक काम होतं. तुझ्या चाचणीची ती वही, निळ्या पुठ्ठ्याची, अजून तुझ्याकडे असेल तर काकांजवळ दे. नुसती बघायला हवी होती. आम्ही तुझ्याकडून यादी उतरवून घेतली तेव्हा घाई झाली होती, एखादा शब्द इकडचा तिकडे झाला असेल. बघून लगेच परत करतो.

बारक्या

११ मार्च

ताई,

वही अजून दिली नसशील तर देऊ नकोस.

काकांजवळ देऊ नकोस, माझ्याजवळही नको. कपाटात ठेव आणि किल्ली तुझ्याजवळ असू दे. साहेबांचा शिपाई आला तर वही घरी नाही म्हण.

सविस्तर लिहितो. आत्ता हात चालत नाहीये.

१३ मार्च

ताई,

वर्कशॉपपर्यंत बातमी पोचली असेलच, पण कशी पोचली असेल ते ठाऊक नाही, म्हणून मी लिहितो.

नऊ तारखेला दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी चिमणीनं एक फोन घेतला. बाईमाणूस, दम लागलेला. मी तो फोन आता इतक्यांदा ऐकलाय की डोळे मिटले तरी ऐकू येतो.

"छातीत... मी एकटीच आहे. पिवळी बिल्डिंग, बसडेपोच्या मागं. तिसरा मजला. दार उघडंच ठेवलंय."

चिमणी म्हणाली, "रस्त्याचं नाव सांगता?" पलीकडे फक्त श्वास. मग फोन तुटला.

सॉफ्टवेअरमध्ये चार रकाने भरल्याशिवाय नोंद होत नाही. नाव, फोन नंबर, रस्त्यासकट पत्ता आणि त्रास काय ते. चिमणीकडे नाव नव्हतं, नंबर नव्हता, रस्ता नव्हता. तिनं "पिवळी बिल्डिंग, डेपोमागे, ३ रा मजला, छाती" एवढं लिहिलं. बटण दाबलं तर तांबडी ओळ आली: माहिती अपूर्ण. तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

तेवढ्यात शाळेची व्हॅन उलटल्याचा फोन आला. बाकी सगळे फोनवर होते, तिनंच घेतला. अकरा मुलं. चार मिनिटं ती त्यात होती आणि तिनं सगळं चोख केलं. दोन गाड्या पाठवल्या, मुलं वाचली. मग पहिल्या फोनकडे परत आली, तर पडदा कोरा.

ती उठून पाळीप्रमुखांकडे गेली. "सर, पिवळ्या बिल्डिंगची गाडी गेली का?"

त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. "बाकी किती दिसतंय?"

"शून्य."

"मग गेली असेल. दुसऱ्या कोणी घेतला असेल तो फोन. बस जागेवर."

ती बसली. पाच वाजता तिनं पुन्हा विचारलं. तेव्हाही शून्यच होतं.

त्या बाई शिवणकाम करायच्या. संध्याकाळी शिवायला टाकलेला झगा न्यायला कोणी आलं, तेव्हा दार उघडं होतं. बाई दाराजवळच खुर्ची घेऊन बसलेल्या होत्या, जिन्याकडे तोंड करून. शेजाऱ्यांनी दुपारभर येता-जाता पाहिलं होतं. वाटलं, वाऱ्याला बसल्यात.

काका त्या वेळी गाडी घेऊन डेपोच्या पुढच्या चौकात उभे होते. रिकामे. दुपारभर. मला म्हणाले, "डेपोमागं पिवळी बिल्डिंग एकच आहे. मला नुसतं पिवळी म्हणाले असते तरी मी गेलो असतो." एवढंच म्हणाले आणि माझ्यापासून लांब जाऊन उभे राहिले. परवाचं पत्रही त्यांनी माझ्याकडे न बघता घेतलं.

चिमणीला काल निलंबित केलं. कारण, "नोंद जतन केली नाही." तिची मुलगी बालवाडीत आहे. ती मुलीला घेऊनच आली होती, घरी ठेवायला कोणी नव्हतं. साहेब कागद वाचत होते आणि पोरगी भिंतीवरच्या पडद्याकडे बघून आकडे म्हणत होती.

बारक्या

१६ मार्च

ताई,

आज सगळं सांगतो. मधे थांबलो तर राहूनच जाईल, म्हणून एका बैठकीत.

तुझ्या बदलीत माझा काडीचा हात नाही, असं लिहिलं होतं. खोटं आहे. डिसेंबरात साहेबांनी मला विचारलं, "तुमच्या भगिनी रोज नवे मुद्दे काढतायत. हे कधी संपणार?" मी म्हणालो, "ताईला बदल झेपत नाही, साहेब. पहिल्यापासूनच." हसत म्हणालो. पुढच्या आठवड्यात तुझ्या हातात बदलीचा कागद. मी त्यांना तुला हलवा असं म्हणालो नाही. पण माझ्या बोलण्याचा अर्थ त्यांनी काय घेतला हे मला कळलं होतं, आणि मी गप्प बसलो. मला सुटल्यासारखं वाटलं.

आई गेल्यावर तू मला वाढवलंस. मी पहिल्यांदा कॉम्प्युटरवर काही केलं, साधा पाढ्यांचा खेळ, तेव्हा तू पाळी करून आलेली, पायातल्या चपलासुद्धा न काढता बसलीस आणि मुद्दाम सगळी चुकीची उत्तरं देत गेलीस. खेळ अडकला. मी रडलो. तू म्हणालीस, "अरे, सगळे तुझ्यासारखे हुशार असणारेत का?" ते आठवत असून मी साहेबांसमोर हसलो.

आता यूएटीचं. ती झालीच नाही, ताई.

तू गेल्यावर पाच ऑपरेटर पाठवू असं साहेब म्हणाले होते. त्या दिवशी सगळे ड्यूटीवर अडकले. पडदा बसवणारे येऊन थांबले होते, तारीख छापून झाली होती. मॅडमचा फोन आला, "कागद आज संध्याकाळपर्यंत हवेत." मग मी आणि साहेबांचा स्टेनो, दोघं एका खोलीत बसलो. नमुन्याचे फोन मीच रचले होते. त्यांत एकही माणूस रडत नव्हता, कोणाला धाप लागत नव्हती. पत्ता विचारला की घरनंबरासकट सांगत होता आणि वर "धन्यवाद" म्हणत होता. असे बासष्ट फोन आम्ही तीन तासांत उरकले.

मग राहिली तुझी यादी. मुद्दा सतरा: "फोन अर्धवट तुटला तर भरलेली माहिती कुठे राहते? दोनदा करून पाहिलं. दोन्ही वेळा नाहीशी झाली. हे आधी दुरुस्त करा, बाकी नंतर."

मला माहीत होतं कुठे जाते. अपुरा फॉर्म नव्वद सेकंद हात न लावता पडून राहिला तर आपोआप पुसला जातो. नव्वद हा आकडा मीच टाकलाय. कोणाला विचारून नाही. अर्धवट फॉर्म साचले की पडदा घाण दिसतो, आणि मॅडमना स्वच्छ पडदा हवा होता, म्हणून एक आकडा टाकला. साठही टाकला असता. दुरुस्त करायचं तर आठवडा लागला असता. मी सतरासमोर "पास" लिहिलं. मग अठरासमोर. मग हात चालतच गेला. मागचे सोळा धरून एक्केचाळीस वेळा. खाली "वापरकर्त्यांचा प्रतिनिधी" म्हणून साहेबांनी सही केली. साहेबांनी आयुष्यात एक फोन घेतलेला नाही.

आणि वही. ती मी बघायला मागितली नव्हती. मॅडम म्हणाल्या होत्या, "ती वही ऑफिसची मालमत्ता आहे. तुमच्या बहिणीकडून काढून घ्या आणि मला द्या." मला कळलं होतं की ती परत येणार नाही. तरी मी तुला गोड शब्दांत लिहिलं.

परवा मॅडमनी मला बोलावलं. दार लावून घेतलं आणि पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. मऊ आवाजात बोलत होत्या. "चौकशी होईल. आपलं सॉफ्टवेअर वापरकर्त्यांनी तपासून स्वीकारलेलं आहे, सही आहे. त्या मुलीनं जतन केलं नाही. एवढंच सांगायचं. अजून तीन शहरांत आपण हेच देतोय, हे लक्षात आहे ना?"

मी पाणी प्यालो. हो म्हणालो, ताई. तिथे मी हो म्हणालो.

चौकशी अठ्ठावीस तारखेला आहे. तुझी वही हाच एक कागद असा आहे की जो आमच्या कोणाच्या हातचा नाही. तिच्यात तारखा आहेत, चिमणीच्या आणि बाकी तिघींच्या सह्या आहेत. काय करायचं ते तू ठरव. मला विचारू नकोस. माझ्या सांगण्याला आता काय अर्थ आहे?

बारक्या

४ एप्रिल

ताई,

चौकशीच्या खोलीबाहेर तू माझ्याशी बोलली नाहीस, म्हणून पुन्हा पत्रच. तुला सगळं ठाऊक आहे, तू तिथेच होतीस. पण माझ्या बाजूनं काय झालं ते तुला ठाऊक नाही.

सकाळी घरातून निघालो तेव्हा मॅडमनी सांगितलेलंच बोलायचं ठरवून निघालो होतो. हे तुला कळलेलं बरं. इतकं सगळं तुला लिहूनसुद्धा. मनाशी म्हणत होतो, वही आहेच, ताई दाखवेल, मी बोललो काय नि न बोललो काय.

मग तू आलीस. तीच करड्या रंगाची ड्यूटीची साडी. शेजारी चिमणी. तिचा हात तुझ्या हातात होता. समितीतल्या मधल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "तुम्ही सध्या वर्कशॉपात आहात ना? मग याच्याशी तुमचा संबंध?" तू म्हणालीस, "मी तपासत होते. मधेच मला उठवलं."

तू वही उघडलीस. चष्मा लावून, बोट ठेवून वाचलीस, रेशनचा कागद वाचावा तशी. सतरा वाचलीस. मॅडम म्हणाल्या, "हे सगळे मुद्दे नंतर पुन्हा तपासून पास झालेले आहेत. आमच्या फाइलमध्ये नोंद आहे."

डॉक्टरबाईंनी फाइल तुझ्याकडे सरकवली. तू पान उलटलंस, बराच वेळ बघत राहिलीस. आणि मग माझ्याकडे पाहिलंस. चार महिन्यांनी.

"हे अक्षर कोणाचंय?"

तुला माहीत होतं. पाटीवर तूच गिरवून घेतलेलं अक्षर आहे ते. तरी विचारलंस, सगळ्यांसमोर, आणि थांबलीस.

"माझं," मी म्हणालो.

"तपासलंस?"

"नाही."

"एकही?"

"एकही नाही, ताई."

पुढचं मला नीट आठवत नाही. नव्वद सेकंदांचं सांगितलं, स्टेनोचं सांगितलं, साहेबांच्या सहीचं सांगितलं. मॅडम फोन घेऊन बाहेर गेल्या त्या परत आल्या नाहीत. चिमणी रडत होती आणि तू तिच्या पाठीवर थोपटत माझ्याकडे बघत होतीस. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं.

त्याच संध्याकाळी मला कामावरून काढलं. साहेब रजेवर गेलेत. चिमणीचं निलंबन रद्द झालं, पण ती परत येणार नाही म्हणे. मी तिच्या घरी गेलो होतो. तिनं दारातच सांगितलं, "फोन वाजला की मी त्यावर उशी दाबते. आता मी कुठेही काम करीन, फक्त तिथे फोन नको." मी माफी मागितली. ती म्हणाली, "मला काय सांगताय? पिवळ्या बिल्डिंगला जा."

गेलो होतो. तिसऱ्या मजल्यावर कुलूप आहे. थोडा वेळ जिन्यात उभा राहिलो आणि खाली आलो.

बारक्या

२१ जुलै

ताई,

काल तू फोन केलास. मी इतका गडबडलो की नुसतं हॅलो हॅलोच करत राहिलो. जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं, म्हणून लिहितो.

काका अधूनमधून भेटतात. त्यांच्याकडून कळतं की तू परत कंट्रोल रूममध्ये आलीस, चिठ्ठ्या पुन्हा सुरू झाल्या, आणि सॉफ्टवेअर वेगळ्या खोलीत ठेवून तू बारा जणींना घेऊन रोज दोन तास तपासतेस. कोणी मुद्दाम रडतं, कोणी अर्ध्यात फोन ठेवतं, कोणी नुसतं खोकतं. कंपनीचा नवा माणूस दर सोमवारी सहीचा कागद घेऊन येतो आणि दर सोमवारी तसाच परत जातो. काका सांगत होते, "ताईंनी त्याला चहा पाजला, पेन मात्र हातात घेतलं नाही." चार महिने झाले. घेऊ नकोस.

मी सध्या एका छापखान्यात मुद्रितं तपासतो. चुका शोधायचं काम. हसशील तू.

पण फोनवर विचारलंस त्याबद्दल. हो, त्या तीन शहरांत ते सुरू झालंय. मे महिन्यातच. चौकशीचा अहवाल अजून छापून यायचाय, तेवढ्यात त्यांनी सह्या उरकून घेतल्या. कोणाच्या सह्या, ते विचारायलाच नको. नव्वद सेकंदांचं काय केलं ते मला कळलेलं नाही. माझ्यानंतर आलेल्या मुलाला विचारलं, तर म्हणाला, "तुम्ही लिहिलेला भाग आहे ना तो? त्याला आम्ही हात लावला नाही. चालतोय."

मी तिन्ही कंट्रोल रूमच्या प्रमुखांना पत्रं लिहिली. काय घडलं, का घडलं, कुठे बघायचं, सगळं. टेलिफोनच्या यंत्राचा आकडा आणि पडद्यावरचा आकडा शेजारी ठेवून बघा, एवढं तरी करा म्हणून विनवलं. दोघांचं उत्तर नाही. तिसऱ्याचं गेल्या आठवड्यात आलं. छापील कागदावर, सही-शिक्क्यासकट. ते मी तुला फोनवर वाचून दाखवलं: "आपल्या पत्राबद्दल आभार. आमच्याकडे नवी यंत्रणा अतिशय सुरळीत चालू आहे. गेल्या दोन महिन्यांत एकाही नागरिकाची तक्रार आलेली नाही."

तू मला शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला लावलंस. मग म्हणालीस, "कोणाची येणार?"

आणि ठेवून दिलास.

ताई, मी रात्रभर तेच ऐकत होतो. आज सकाळी छापखान्यात रजा टाकली. उद्या पहिल्या बसनं त्या तिसऱ्या शहराकडे निघतोय. ते मला दारात उभं करणार नाहीत, मला ठाऊक आहे. मी कोण? काढून टाकलेला माणूस. पण तू एकवीस वर्षं फोनवर बसलेली आहेस. तुला बघून त्यांच्या ऑपरेटर बोलतील. त्यांच्यातही एखादी असेलच, जिला काहीतरी आठवतंय आणि जी भिंतीकडे बघून परत जागेवर बसलीय.

हे पत्र काका आजच तुझ्या हाती देतील. बस सहा वाजता सुटते. मी साडेपाचलाच जाऊन थांबतो.

बारक्या